चतुःसीमा

साखर संकुलात पत्र आलं: दोन पंच पाठवा.
साहेबांनी मला आणि कोकऱ्याला पाठवलं,
कारण आमचीच टेबलं दाराजवळ.

पंचनामे मी पुष्कळ लिहिलेत.
गारपिटीचे, पाट फुटल्याचे.
पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट,
उत्तरेस अमक्याचा बांध, दक्षिणेस तमक्याचा.
एवढं लिहिलं की जमीन जागेवर बसते
आणि कुठं थांबायचं ते पायाला कळतं.

सायबर ठाण्यात टेबलावर एक फोन.
पाठीवर फुलपाखराचं स्टिकर, एक पंख निघालेला.
उज्ज्वला दारवटकर, राहणार धायरी.
त्यांच्या खात्यातून गुंजाळांचे एकोणीस लाख
अकरा मिनिटांत पुढं गेले.
खातं त्यांनी दिलं की त्यांच्याकडून कुणी काढून घेतलं,
ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

गुंजाळ बाहेर बाकावर बसलेले.
दापोडीच्या वर्कशॉपातून निवृत्त,
पासबुक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत.
खोट्या पोलिसांनी त्यांना तीन दिवस
कॅमेऱ्यापुढून हलू दिलं नाही.
"मोरीत जाऊ का, हेसुद्धा विचारत होतो हो,"
ते म्हणाले. मला नाही, समोरच्या भिंतीला.

मी मनात म्हटलं, काढा. सगळं काढा.
त्या फोनची आतडी बाहेर येऊ देत.

मग पोरानं केबल लावली.

चाळीस टक्क्यांना कोकरे पेंगला.
मी बघत राहिलो, बघायचाच तर भत्ता होता.
बँकेचे मेसेज.
मग बँकेचे नसलेले.
'आई' नावाच्या नंबरावर रोज रात्री एक:
आज कढी फुटली.
आज पाणी उशिरा आलं.
तुझी हिरवी साडी मी कुणाला दिली नाही.
प्रत्येकाखाली एकच टिक. दोन वर्षं, एकच टिक.

पुढं आरशासमोर उभं राहून काढलेला एक फोटो,
काखेतली गाठ डॉक्टरांना दाखवायला.
बागवान मॅडमनी हातातलं रजिस्टर
स्क्रीनवर आडवं धरलं.
"पुढं घे. हे आपलं नाही.
मी अर्जात लिहिलंय, मार्च ते मे, फक्त व्यवहार."
पोरगं म्हणालं, "तारखा तुम्हाला कळतात मॅडम.
हे यंत्र निवडत नाही, उपसतं."

रजिस्टर लहान होतं.
कडेनं दिसायचं ते दिसलंच.

शेवटी चौसष्ट अक्षरांची हॅश व्हॅल्यू निघाली.
एक स्वल्पविराम हलला तरी ती बदलते म्हणे.
मी ती दोनदा ताडून पाहिली.
मग विचारलं, "चतुःसीमा कुठं लिहू?"
मॅडम हसल्या नाहीत.
"तसा रकाना नाही," म्हणाल्या,
आणि जरा वेळ त्या छापील कागदाकडं बघत राहिल्या,
जणू तो असेल, नीट पाहिलं तर.

पंचांसमक्ष. वाचून पाहिले, बरोबर आहे.
मी सही केली. कोकऱ्यानं जागं होऊन केली.

सहा लाख गोठवले, असं नंतर कळलं,
त्याच फोनातल्या एका नंबरामुळं.
गुंजाळांनी संकुलात येऊन पेढे दिले.
मी खाल्ला. गोड होता, खोटं कशाला सांगू.

परवा सिमला ऑफिसच्या स्टॉपवर
एका बाईनं विचारलं,
"ही धायरीला जाते का?"
हातात बटणांचा जुना फोन,
काठ हिरवे, साडीचे.
ती मला ओळखत नव्हती. का ओळखावं?
माझ्या तोंडाशी आलं होतं,
गाठीचं काय निघालं?

"जाते," मी म्हटलं.

ती चढली, खिडकीशी बसली.
मागं दोन जागा रिकाम्या.
कोकरे पायरीवरून ओरडला, "अरे चल की!"
"तू हो पुढं," मी म्हटलं,
आणि फूटपाथच्या कडेच्या दगडाआत
पाय ओढून घेतला.